उन्हाळ्यात फ्रेंच शिकायला फ्रान्सला जायचंय? व्हिसाची फाइल नेमकी कुठे अडते

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्रान्सेझमध्ये ए२, बी१ या पातळ्या पूर्ण केलेल्या मुलांना पुढचा उन्हाळा फ्रान्समध्ये काढायचा असतो. तिथल्या भाषाशाळा जुन्या आहेत: विशी शहरातलं काविलाम १९६४ पासून आहे, बेझाँसोंचं सीएलए १९५८ पासून, तूर शहरातली संस्था तर १९१२ पासूनची. सकाळी वर्ग, दुपारी उपक्रम आणि रात्री फ्रेंच कुटुंबाच्या टेबलावर जेवताना तीच भाषा, असा हा प्रकार. प्रवेश मिळणं अवघड नाही. वय बसत असेल आणि फी भरली की पत्र येतं. घोडं अडतं ते व्हिसापाशी, आणि बहुतेक वेळा कारण अगदी साधं निघतं.

पहिली चूक दिवस मोजण्यात होते. हा शेंगेन (युरोपातल्या सामाईक व्हिसा असलेल्या देशांचा) शॉर्ट स्टे व्हिसा असतो आणि त्याची कमाल मर्यादा ९० दिवस, तीन महिने नव्हे. १ जून ते ३१ ऑगस्ट म्हणजे बोटावर तीन महिने, पण कॅलेंडरवर ९२ दिवस. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. शिवाय मोजणी मागच्या १८० दिवसांची असते. मार्चमध्ये आईवडिलांबरोबर स्वित्झर्लंड-पॅरिस फिरून आला असाल तर ते दिवसही यातूनच वजा होतात. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे 'शिक्का पुसट आहे, कोण बघतंय' हा हिशेब आता चालणार नाही. कोर्स ९० दिवसांपेक्षा लांब असेल तर लाँग स्टे व्हिसा लागतो आणि त्यासाठी कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची वेगळी प्रक्रिया आहे. शॉर्ट स्टेवर जाऊन तिथे मुदत वाढवून घेऊ, हे डोक्यातून काढून टाका.

आता अर्ज कधी करायचा. नियमाप्रमाणे प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि निदान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. हे 'पंधरा दिवस' वाचून लोक निर्धास्त होतात. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात हे खरं, पण जादा तपासणी निघाली तर तेच ४५ होऊ शकतात. आणि हे दिवस अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात, अपॉइंटमेंट बुक केल्यापासून नव्हे. एप्रिल-मेमध्ये अर्धा महाराष्ट्र युरोप टूरला निघालेला असतो, तेव्हा व्हीएफएसची, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राची, अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी अडचण. जुलैचा कोर्स असेल तर मार्चमध्येच हालचाल करा. पासपोर्ट या काळात त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे मध्ये दुसरा परदेश प्रवास ठेवू नका.

बाकीच्या पायऱ्या सरळ आहेत: फ्रान्स-व्हिजाज पोर्टलवर फॉर्म, त्यात निघालेली चेकलिस्ट, फोटो, बोटांचे ठसे, ९० युरोइतके रुपये (सहा ते बारा वर्षांच्या आतल्यांना निम्मे) आणि वर केंद्राचं सेवाशुल्क. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. नकार आला तरी फी परत मिळत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ राहण्याच्या पुराव्यावर होतो. शाळेनेच यजमान कुटुंब किंवा वसतिगृह ठरवून दिलं असेल तर शाळेकडून निवासाचं वेगळं पत्र घ्या, त्यावर पत्ता आणि तारखा हव्यात. नुसतं प्रवेशपत्र पुरत नाही. पण 'लियाँला मावशी आहे, तिच्याकडेच राहीन' असं असेल तर मावशीचा मेल किंवा तिच्या वीजबिलाचा फोटो चालत नाही. तिला तिच्या नगरपालिकेत, म्हणजे मेरीत, जाऊन 'आतेस्तासियाँ दाक्यई' नावाचं अधिकृत पत्र काढावं लागतं. त्याला ३० युरोचं मुद्रांक शुल्क आहे, तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे आणि तारखा नेमक्या द्याव्या लागतात, आणि कागद मूळ प्रतीत इथे मागवावा लागतो. काही मेरी त्यासाठीही अपॉइंटमेंट देतात. मावशीला दोन महिने आधी सांगा. नातं कितीही जवळचं असो, खिडकीवर मावशी नाही, कागद चालतो.

दुसरा कागद म्हणजे बोनाफाईड. कॉलेजात शिकणाऱ्यांनी ते मे महिन्याची सुट्टी लागायच्या आधी घ्यावं, नंतर ऑफिसात शिक्का मारायला कोणी सापडत नाही. खरी पंचाईत बारावी झालेल्यांची. परीक्षा मार्चमध्ये संपलेली, निकाल यायचाय, जुन्या कॉलेजचे तुम्ही विद्यार्थी नाही आणि नवं अजून ठरलेलं नाही. चेकलिस्ट मात्र शांतपणे 'विद्यार्थी असल्याचा पुरावा' मागते, जणू जून महिना या देशात येतच नाही. अशा वेळी रिकामी जागा ठेवू नका. हॉल तिकीट, अकरावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो, सीईटीचा किंवा प्रवेशाचा अर्ज भरल्याची पावती, आणि पुढचं वर्ष कुठे व कधी सुरू होणार हे सांगणारं साधं पत्र, एवढं एकत्र लावा. परत येण्याचं कारण तुमच्याकडे आहे, हे या कागदांतून दिसायला हवं. नकाराच्या छापील कारणांमध्ये 'मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका' हे एक आहे, आणि अठरा-वीस वर्षांच्या, नोकरी नसलेल्या अर्जदाराला ते फार सहज लागू पडतं.

पैशांचं बोलू. हॉटेलचं बुकिंग आधी झालेलं असेल तर फ्रान्स दिवसाला ६५ युरो खर्च धरतं, बुकिंग नसेल तर १२०. वडील खर्च करणार असतील तर त्यांचं स्पॉन्सरशिप पत्र, बँकेच्या शिक्क्यासह स्टेटमेंट, आयटीआर किंवा फॉर्म १६ लावा. अर्जाच्या आठ दिवस आधी काकांकडून चार लाख आणून खात्यात टाकू नका. अधिकाऱ्याला ती ओळ सगळ्यात आधी दिसते. एफडी मोडली असेल, जमीन विकली असेल तर त्याचा कागद सोबत द्या, मग मोठी रक्कमही अडत नाही. शाळेची फी बँकेमार्फत पाठवल्याची स्विफ्ट प्रत मात्र जरूर जोडा. पैसे खरंच गेलेत, हे त्याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही.

विमा ३० हजार युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मृतदेह किंवा रुग्ण परत आणण्याचा खर्च धरलेला हवा. घरची मेडिक्लेम पॉलिसी यात बसत नाही. विम्याच्या तारखा विमानाच्या तारखांशी जुळवा, कोर्सच्या नव्हे.

अठराच्या आतल्या मुलांसाठी दोन्ही पालकांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. पालक विभक्त असतील तर ताब्याबद्दलचा कोर्टाचा आदेश, एक पालक हयात नसेल तर मृत्यू दाखला. आणि जन्मदाखला आत्ताच कपाटातून काढून बघा. बऱ्याच जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसंच झालेलं नव्हतं. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून किंवा ग्रामपंचायतीतून नाव चढवून घ्यायला वेळ जातो. आईचं नाव पासपोर्टवर माहेरचं आणि दाखल्यावर सासरचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडा.

कव्हरिंग लेटर इंग्रजीत लिहिलंत तरी चालतं. एजंटकडून झुळझुळीत फ्रेंच पत्र विकत घेऊ नका. ए१ झालेल्या मुलीच्या नावाने सब्जाँक्तिफसारख्या अवघड क्रियापदरूपांनी नटलेली चार परिच्छेदी प्रस्तावना गेली, तर वाचणारा हसेल तरी किंवा संशय घेईल. हाच कोर्स का, त्यात आठवड्याला किती तास आहेत, परत येऊन काय करणार, एवढं एका पानात बसतं. आणि 'व्हिसाची गॅरंटी' देणाऱ्यापासून लांब राहा. व्हीएफएस फक्त कागद गोळा करतं, निर्णय दूतावासाचा. जादा पैसे भरून घेतलेल्या प्रीमियम लाउंजमध्ये खुर्ची मऊ मिळते, इतकंच.

नकार आलाच तर पत्रावर कुठल्या कारणासमोर खूण आहे ते आधी नीट वाचा. अपिलाची मुदत त्याच पत्रात असते. कागद अपुरा होता म्हणून नकार असेल तर अपिलापेक्षा तो कागद जोडून नवा अर्ज केलेला बरा, तेवढा वेळ हातात असेल तर. ते नकारपत्र फाडू नका. व्हिसा नाकारल्यास नोंदणी शुल्क कापून फी परत देणाऱ्या शाळा तेच मागतात. अर्थात ही अट तुमच्या शाळेच्या नियमांत आहे का, हे पैसे पाठवायच्या आधी बघायचं.