एन्थाल्पी: आकडे आधी आले, नाव नंतर

बारावीच्या रसायनशास्त्रात आधी एन्थाल्पीची, म्हणजे जिच्या बदलातून स्थिर दाबाखाली देवघेव झालेली उष्णता कळते त्या राशीची, व्याख्या येते, मग सूत्र आणि सर्वांत शेवटी प्रयोग. इतिहासात हे सगळे उलट्या क्रमाने घडले. अभिक्रियेची उष्णता १७८३ साली मोजून झाली होती, तिचा नियम १८४०मध्ये सापडला, सूत्र १८७०च्या दशकात आले आणि 'एन्थाल्पी' हा शब्द छापून यायला १९०९ साल उजाडले. हा क्रम माहीत असला की आकड्याला चिकटलेल्या अटी, म्हणजे दाब, तापमान आणि पदार्थाची अवस्था, कुठून आल्या ते कळते.

पहिला टप्पा कल्हईत दिसतो. कसबा पेठेतल्या तांबट आळीमुळे तांब्या-पितळेची भांडी पुण्याला नवी नाहीत. कल्हई करणारा भांडे भट्टीवर तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो, कथील फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने सारवतो. त्या क्षणी पांढरा दाट धूर उठतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि दर मोलमागे (मोल हे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) सुमारे १७६ किलोज्यूल उष्णता भांड्यातून शोषली जाते. हायड्रोजन क्लोराइड धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो, म्हणून कथील नीट धरते. उरलेले वायू वर गार हवेत पुन्हा एकत्र येतात. तोच पांढरा धूर. या जोडणीत दर मोलमागे तेवढीच १७६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. फुटताना जेवढी घेतली तेवढीच जुळताना परत मिळाली. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८०च्या दशकात पॅरिसमध्ये हेच तत्त्व मांडले.

त्यांचे उपकरण बर्फाचे होते. मधल्या जाळीत तापलेली वस्तू, अभिक्रिया किंवा जिवंत गिनीपिग, त्याभोवती बर्फाचा एक थर आणि त्याहीबाहेर बर्फाचा दुसरा थर. बाहेरच्या थराचे काम एकच: खोलीची उष्णता आत येऊ न देणे. आतल्या थरातून वितळलेले पाणी तोलायचे. दर ग्रॅममागे ३३४ ज्यूल. या मापनाचा पाया जोसेफ ब्लॅक यांनी दोन दशके आधी घातला होता. बर्फ वितळताना तापमान न वाढता उष्णता घेतो, ही अप्रकट उष्णता त्यांनीच ओळखली. उपकरणात दोष मात्र होता. वितळलेले पाणी बर्फाच्या तुकड्यांमध्ये अडकून राही, त्यामुळे तोललेले पाणी खऱ्यापेक्षा कमी भरे. शिवाय खोली शून्य अंशाच्या जवळपास हवी, म्हणून प्रयोग हिवाळ्यातच शक्य होते.

पुढचे मोठे पाऊल जर्मेन हेस यांचे, सेंट पीटर्सबर्गमधले. त्यांनी सल्फ्युरिक आम्ल कधी थेट, कधी आधी वेगवेगळ्या प्रमाणात पाण्यात मिसळून, अमोनियाने उदासीन केले. आम्ल पातळ करताना जेवढी जास्त उष्णता निघाली, तेवढी उदासिनीकरणात कमी निघाली, बेरीज तीच. वाट कोणतीही घ्या, एकूण उष्णता बदलत नाही. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती हिची तारीख. १८४० साली ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अजून मांडला गेला नव्हता. मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांचे निर्णायक लेखन त्यानंतरचे. हेस यांच्या हाती फक्त तापमापक आणि काटेकोर बेरीज होती.

त्यानंतर कोपनहेगनमध्ये थॉमसन आणि पॅरिसमध्ये बर्थेलो यांनी शेकडो अभिक्रिया मोजल्या. उष्मादायी (उष्णता सोडणारी) आणि उष्माग्राही (उष्णता घेणारी) अभिक्रिया या कल्पनांमागचे मूळ शब्द बर्थेलो यांचे. पण दोघांनी एक चुकीचे तत्त्वही रेटले: जिच्यात जास्त उष्णता सुटते तीच अभिक्रिया आपोआप घडते. ते खोडायला पुन्हा नवसागरच पुरतो. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम टाकून ढवळा. तो आपोआप विरघळतो आणि पाणी सुमारे ६ अंशांनी गार होते. दिशा ठरवायला एंट्रॉपीही, म्हणजे ढोबळपणे विस्कळीतपणाचे मापही, लागते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ गिब्ज यांच्या कामातून स्पष्ट झाले.

बर्थेलो यांचा बॉम्ब कॅलरीमापी मात्र टिकला. जाड पोलादी भांड्यात गोळी केलेला नमुना, सुमारे ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन, विजेच्या तारेने ठिणगी, बाहेर मोजून घेतलेले पाणी. उपकरणाची उष्माधारकता आधी बेन्झोइक आम्ल जाळून ठरवतात. दर ग्रॅमला सुमारे २६.४ किलोज्यूल. आत काजळी दिसली तर ज्वलन अपुरे झाले असे समजून तो आकडा टाकून द्यावा. बॉम्बमध्ये आकारमान स्थिर असते, दाब नाही. म्हणून मिळतो तो अंतर्गत ऊर्जेतला, म्हणजे पदार्थाच्या आत साठलेल्या एकूण ऊर्जेतला बदल, एन्थाल्पीतला नव्हे. मिथेनच्या ज्वलनात हा फरक दर मोलमागे सुमारे ५ किलोज्यूल येतो: अंतर्गत ऊर्जेसाठी ८८५, एन्थाल्पीसाठी ८९०. पुण्यात सुतारवाडीतल्या संरक्षण प्रयोगशाळेचा विषय असलेली प्रणोदके, म्हणजे रॉकेट वा तोफगोळा ढकलणारी इंधने, तपासायची तर असाच बॉम्ब लागतो, पण ऑक्सिजन न भरता, कारण प्रणोदकाचा ऑक्सिजन त्याच्यातच असतो.

उघड्या पेल्यात दाब स्थिर असतो. तिथली उष्णता थेट मोजणाऱ्या राशीला गिब्ज यांनी स्थिर दाबाचे उष्णता-फलन म्हटले होते. 'एन्थाल्पी' हे नाव डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांनी दिले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, इथला दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. द्रावणांतल्या एन्थाल्पीवर या उंचीचा परिणाम जवळजवळ शून्य.

तापमानाचा मात्र पडतो. पुस्तकात तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कलीच्या उदासिनीकरणाचा आकडा दर मोलमागे उणे ५७ किलोज्यूल असतो (उणे म्हणजे उष्णता बाहेर पडते). तो थॉमसन यांच्या काळातल्या, सुमारे १८ अंशांच्या युरोपीय प्रयोगशाळांचा वारसा आहे. २५ अंशांना, अतिविरल द्रावणात, तो उणे ५५.८ आहे आणि तापमान वाढेल तसा, चिन्ह सोडून, दर अंशामागे सुमारे ०.२२ किलोज्यूलने घटतो. किर्खॉफ यांनी १८५८ साली दिलेल्या संबंधातून हे निघते. डिसेंबरात सकाळी १८ अंशांना ५७.४, एप्रिलमध्ये ३२ अंशांना ५४.२.

थर्मोकोलच्या दोन पेल्यांत आम्ल आणि अल्कलीची १ मोलरची (लिटरमागे १ मोल) ५०-५० मिलिलिटर द्रावणे मिसळली तर तापमान जेमतेम पावणेसात अंश चढते. ०.२ अंशांची चूक म्हणजे तीन टक्के. दोन्ही द्रावणे एकाच तापमानाची हवीत, आणि एकातून दुसऱ्यात घालताना तापमापक धुऊन पुसायला हवा. सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, म्हणून बाटलीवर १ मोलर लिहिले तरी अनुमापन करून, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाशी अभिक्रिया करून तीव्रता तपासून घ्यावी. मिसळल्यावर दर ३० सेकंदांनी नोंद घ्यावी आणि आलेखाची उतरती रेघ मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे ओढावी. नुसते कमाल तापमान धरले तर वाटेत हवेत गेलेली उष्णता हिशेबातून सुटते. एवढे करून एप्रिलच्या दुपारी ५४ आले, तर ते खोडून ५७ लिहू नये. शेजारी द्रावणाचे सुरुवातीचे तापमान लिहावे.