वलंदेजांची दमडी: डॉइटची पार्श्वभूमी

इंडोनेशियात आणि मलेशियात रोजच्या बोलण्यात पैशाला 'दुइत' म्हणतात. ईदला पोरांच्या हातावर ठेवतात ते 'दुइत राया', आणि ज्याला पैशापलीकडे काही दिसत नाही तो 'माता दुइतान', म्हणजे डोळ्यात पैसाच. हा शब्द मुळात मलय नाही. डॉइट हे वलंदेजांचं, म्हणजे डचांचं, तांब्याचं नाणं. duit हे स्पेलिंग तेच राहिलं, उच्चार तेवढा बदलला.

मायदेशी या नाण्याची पत आपल्या दमडीसारखी. 8 डॉइटचा एक स्टायव्हर आणि 20 स्टायव्हरचा एक गिल्डर, म्हणजे गिल्डरला 160 डॉइट. पण आशियात हेच नाणं जास्त भावाने चालायचं. मग जहाजांवरची माणसं पेटाऱ्यांतून डॉइट चोरून न्यायची आणि मधला नफा स्वतःच्या खिशात घालायची. यावर डच ईस्ट इंडिया कंपनीने 1726 पासून आपली अक्षरं एकात एक गुंफलेला शिक्का असलेले वेगळे डॉइट पाडून घेतले. मायदेशात ते चालत नसत. ते हॉलंड, झीलंड, उत्रेख्त अशा प्रांतांच्या टांकसाळींत पाडले जात, म्हणून एका बाजूला कंपनीचा शिक्का आणि दुसऱ्या बाजूला त्या त्या प्रांताचं चिन्ह दिसतं. 1799च्या अखेरीस कंपनी संपली, तरी जावात डॉइट पुढेही पाडले जात होते.

हेच कंपनीचे डॉइट अमेरिकेत 'न्यूयॉर्क पेनी' म्हणून हौशी लोकांच्या गळ्यात मारले गेले. न्यूयॉर्क डचांच्या हातून 1674 मध्येच कायमचं गेलं होतं, आणि तिथला कारभार तर वेगळ्याच कंपनीचा, वेस्ट इंडिया कंपनीचा होता. विकणाऱ्याला त्याचं काय!

श्रीलंकेत डॉइटचं 'तुट्टुव' झालं. अगदीच फालतू वस्तूला सिंहलीत 'दोन तुट्टुंची' म्हणतात. तमिळमधला 'तुट्टु'ही कोशकार डॉइटशीच जोडतात. कन्नडमधला 'दुड्डू' आणि कोकणीतला 'दुडू' याच कुळातले दिसतात, पण तमिळकडून ते आले की आधीपासून इथलेच होते, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. वेंगुर्ल्याला वलंदेजांची वखार होती म्हणून दुडू तिथूनच आला, असं म्हणायचा मोह होतो. पण ती वखार 17व्या शतकातच उठली, कंपनीचे शिक्क्याचे डॉइट निघण्याच्या बऱ्याच आधी.

इंग्रजीत तो 'डॉइट'च राहिला. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मध्ये ट्रिंक्युलो इंग्रजांना टोमणा मारतो, की लंगड्या भिकाऱ्याला हे एक डॉइट देणार नाहीत, पण मेलेला इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, बघायला दहा मोजतील.

नेदरलँड्समध्ये 19व्या शतकाच्या सुरुवातीला दशमान पद्धत आली आणि डॉइटची जागा सेंटने घेतली. तरी चार माणसांच्या चर्चेत कुणी आपलंही मत घातलं, की डच माणूस आजही म्हणतो, यानेही पिशवीत आपला डॉइट टाकला. पिशवी अर्थातच चर्चमध्ये दानासाठी फिरवतात ती.