वळसंगची पाटी आणि शब्द मोजणारी माणसं

परवा सोलापूरच्या एसटी स्टँडवर पुण्याचा भाचा माझ्याबरोबर बसच्या पाट्या वाचत उभा होता. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट हे सगळं त्यानं बस वळायच्या आत वाचलं, आणि वळसंगला मात्र 'व... वळ... वळसंग' असं चाचपडला. चौथीतला पोरगा, वाचनात हुशार आहे, आणि बघा की, जोडाक्षर असलं तर अक्कलकोटमध्ये आहे, वळसंगमध्ये एकही नाही. मग अडलं कुठं? तर तो शब्द त्याच्या डोळ्याला कधी भेटलाच नव्हता. मी लहानपणापासून अक्कलकोटच्या वाटेवर ती पाटी बघत आलोय, मला ती वाचावी लागतच नाही.

शब्द जितका वारंवार भेटलेला तितका तो झटकन ओळखू येतो, एवढीच ही गोष्ट, पण ती सिद्ध करायला आधी कुणीतरी शब्द मोजायला पाहिजेत ना. ते मोजायला सुरुवात झाली वेगळ्याच कामासाठी. जर्मनीत केडिंगनं 1897-98 मध्ये जवळपास 1 कोटी 10 लाख शब्दांची मोजदाद छापली ती शॉर्टहँडवाल्यांसाठी, सगळी हातानं, कॉम्प्युटर नसताना! अमेरिकेत थॉर्नडाइकनं 1921 मध्ये 10,000 शब्दांची यादी काढली ती शिक्षकांसाठी, आणि 1944 मध्ये लॉर्जबरोबर ती 30,000 वर नेली.

हीच यादी पुढं हाउज आणि सॉलोमन या मानसशास्त्रज्ञांनी घेतली. 1951 मध्ये त्यांनी एका यंत्रातून शब्द क्षणभर दाखवला, वाचता नाही आला की जरा जास्त वेळ दाखवला, असं करत करत त्यांना दिसलं की नेहमीच्या शब्दाला कमी वेळ पुरतो. आणि हिशोब सरळ नाही बरं का, शब्द 1 ऐवजी 10 वेळा भेटल्यावर जेवढा फायदा, साधारण तेवढाच परत मिळवायला 100 वेळा लागतात.

असं का होतं यावर मॉर्टन या मानसशास्त्रज्ञानं 1969 मध्ये मांडलं की नेहमीच्या शब्दाला जागं व्हायला थोडासाच इशारा पुरतो, फॉर्स्टरनं 1976 मध्ये म्हटलं की डोक्यात शब्दांची चळत असते आणि नेहमीचे वर असतात. मला मॉर्टनचं जास्त पटतं, कारण वळसंग मी काही शोधत बसत नाही, तो आपोआप उठतो.

पण खरा पेच मोजायचं कुठं हा होता. कुचेरा-फ्रान्सिसची 1967 ची 10 लाख शब्दांची मोजणी छापील इंग्रजी मजकुरावरची, आणि ती वर्षानुवर्षं वापरली गेली. 2009 मध्ये ब्रिसबार्ट आणि न्यू यांनी सिनेमा-टीव्हीच्या सबटायटल्समधले 5 कोटी 10 लाख शब्द मोजले, आणि वाचणाऱ्याचा वेग त्या बोलण्यातल्या शब्दांवरून जास्त नीट सांगता आला.

दुसऱ्या भाषेत वाचताना नेहमीच्या आणि क्वचित भेटणाऱ्या शब्दांतला हा फरक आणखी वाढतो असंही दिसलंय. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू आणि शाळेत मराठी असलेली कितीतरी पोरं आहेत, त्यातलं एखादं पुस्तकातल्या शब्दावर थांबलं तर मला आता वळसंगची पाटी आठवते.