हाडांवर तारीख लिहिलेली नसते

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. आई सांगते, मी नागपंचमीच्या आदल्या दिवशी झालो, तेही चंदगडकडच्या आजोळी. खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या माझ्या वयाच्या कितीतरी लोकांचं असंच आहे. शाळेत घालताना गुरुजींनी तारीख टाकून दिली. एरवी यानं काही बिघडत नाही. पण खुनाच्या गुन्ह्यात सतरा-अठराचा मुलगा पकडला गेला, की याच दोन-चार महिन्यांवर त्याचं आयुष्य लटकतं. मग कट्ट्यावर हमखास ऐकू येतं, "दाखला सोडा, हाडांची टेस्ट करा, खरं वय बाहेर पडेल."

तसं होत नाही.

२०१५च्या बालन्याय कायद्यानुसार, किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी १६ ते १८ वयाचा असेल, तर बालन्याय मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासतं. प्रौढासारखा खटला चालवायची वाट तिथून उघडते. सोळाच्या आत ती वाट बंदच. वय धरायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं. त्यासाठी आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, मग पालिका-पंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडं.

आता ही हाडं काय सांगतात? वाढत्या मुलाच्या मनगटाच्या एक्स-रेत हाडाचा दांडा आणि टोक यांच्यामध्ये काळी फट दिसते. ती रिकामी नसते. तिथे कूर्चा, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारखी लवचीक ऊती, असते आणि एक्स-किरण तिच्यातून आरपार जातात. या पट्टीत पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या असतात. टोकाकडच्या पेशी विभागत राहतात. दांड्याकडच्या फुगतात, मरतात, त्यांच्याभोवती कॅल्शियम साचतं आणि त्यावर नवं हाड बसतं. उंची वाढते ती अशी. वयात येताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढतं, अगदी मुलग्यांमध्येही, कारण टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. हे संप्रेरक पट्टीतल्या मूळ पेशींचा साठा संपवत नेतं. साठा संपला, की दांडा आणि टोक जुळून फट मिटते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या, २०४ सेंटिमीटर उंच माणसाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेश कळतच नव्हता. पट्ट्या उघड्याच राहिल्या होत्या, हाडांचं वय भरलं पंधरा!

म्हणजे हाड मोजतं ते वयात येणं, वाढदिवस नव्हे. मुलींची फट आधी मिटते, अर्धपोटी वाढलेल्या पोरांची उशिरा. ज्या ग्रॉयलिक-पाइल चित्रसंग्रहाशी एक्स-रे जगभर ताडून पाहतात, तो अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या सुखवस्तू मुलांवरून बनला. निपाणीत विड्या वळणाऱ्या घरातलं पोर त्यात कुठे बसवायचं? अशा अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक धरावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच म्हटलंय. अहवालातले 'सतरा' म्हणजे पंधरा ते एकोणीस. कायद्याच्या दोन्ही रेषा त्याच्या पोटात!

अक्कलदाढ आली म्हणजे अक्कल आली, असं मानणारेही भेटतात. ती कुणाला सतराव्या वर्षी येते, कुणाला पंचविसाव्या, कुणाला कधीच नाही. समज आली का, हे दाढ सांगत नाही, मनगटही नाही. ज्या घरातलं माणूस गेलं, त्यांचा संताप मला कळतो. पण तो शमवायला एक्स-रेकडून खोटी साक्ष काढू नये.

आमच्या घरी यंदा बाळ झालं, पुन्हा चंदगडलाच. एकवीस दिवसांच्या आत पंचायतीत नोंद करून घेतली आणि दाखल्याच्या दोन प्रती बेळगावला आणल्या.