यूरिक अम्ल व हृदयविकार

रक्तातील वाढलेले यूरिक अम्ल आणि हृद्‌रोहिणी विकार (हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचा विकार), उच्च रक्तदाब इत्यादींचा परस्परसंबंध. १०० मिलि. रक्तरसात पुरुषांत ७ मिग्रॅ.च्या व स्त्रियांत ६ मिग्रॅ.च्या वर गेलेले प्रमाण सामान्यतः जास्त समजतात. पेशींतील व अन्नातील प्यूरिन या नायट्रोजनयुक्त संयुगांच्या विघटनातून हे अम्ल तयार होते. सुमारे दोन तृतीयांश लघवीवाटे, उरलेले आतड्यांतून बाहेर पडते. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत त्याचे पुढे विघटन करणारे यूरिकेज हे एंझाइम असते. माणसाच्या पूर्वजांनी ते बहुधा दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वी गमावले.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७६ मध्ये मूतखड्यांतून हे अम्ल वेगळे केले. ते रक्तातही असते, हे इंग्रज वैद्य ॲल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्ये गाऊटच्या (सांध्यांत यूरिक अम्लाचे स्फटिक साचून होणाऱ्या दुखण्याच्या) रुग्णांत दाखविले. त्यांची पुढची ‘दोरा परीक्षा’ साधीच होती : उथळ बशीत रक्तरस, त्यात थोडे ॲसिटिक अम्ल व लिननचा एक धागा. एकदोन दिवसांत रक्तरस आटत आला, की दोऱ्यावर खडीसाखर धरावी तसे धाग्यावर स्फटिक धरत. आयुर्वेदातील वातरक्त म्हणजेच गाऊट, असे अनेक जण मानतात. चरकसंहितेतील वर्णन पायाच्या सांध्यांपुरते जुळते. त्वचेची लक्षणे पाहता दोन्ही एकच मानणे घाईचे वाटते.

रक्तदाबाशी संबंध प्रथम कोणी जोडला, याविषयी एकमत नाही. बहुधा हा मान लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयातील फ्रेडरिक अकबर महोमेद यांच्याकडे जातो (१८७० नंतरचे दशक). पाटण्याहून इंग्लंडात जाऊन ब्रायटनला स्नानगृह काढणाऱ्या साके दीन महोमेद यांचे ते नातू. पुढे ब्रिटिश डॉक्टर अलेक्झांडर हेग यांनी डोकेदुखीपासून खिन्नतेपर्यंत सर्व काही या अम्लाच्या माथी मारले, आणि मूळ कल्पनाही बदनाम झाली.

खरा वाद कार्यकारणाचा आहे. मूत्रपिंडे मंदावली, थायाझाइड मूत्रल (लघवी वाढविणारे औषध) किंवा अल्प मात्रेत ॲस्पिरिन चालू असले, तरी यूरिक अम्ल चढते. आणि अशा व्यक्तींना हृदयविकाराचा धोका आधीच असतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावाच्या पाहणीत (१९९९) इतर घटक वजा केल्यावर स्वतंत्र संबंध उरला नाही. अमेरिकेतील दुसऱ्या मोठ्या पाहणीत (२०००) मात्र तो हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंशी आढळला. २००८ मध्ये नुकताच उच्च रक्तदाब जडलेल्या ३० किशोरांचा रक्तदाब ॲलोप्युरिनॉल या यूरिक अम्ल घटविणाऱ्या औषधाने उतरला. प्रयोग लहान होता, पण आशा वाढली. ब्रिटनमधील ‘ऑल-हार्ट’ चाचणीने (२०२२) ती बरीच मावळली : हृद्‌रोहिणी विकार असलेल्या, पण गाऊट नसलेल्या साठीपुढच्या ५,७२१ रुग्णांपैकी औषध घेणाऱ्या ११.० टक्के व न घेणाऱ्या ११.३ टक्के रुग्णांत हृदयझटका, पक्षाघात वा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू घडला. आनुवंशिक अभ्यासांचा कौलही बहुतांशी याच बाजूचा आहे. त्यामुळे यूरिक अम्ल हे धोक्याचे कारण नसून खूण असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. किशोरवयीन रक्तदाबाचा प्रश्न तेवढा वेगळा ठेवावा लागतो.

फेबुक्सोस्टॅट या यूरिक अम्ल घटविणाऱ्या दुसऱ्या औषधाने हृदयविकाराचे मृत्यू ॲलोप्युरिनॉलपेक्षा जास्त होतात, असे २०१८ च्या चाचणीत दिसल्याने अमेरिकेत त्यावर इशारा छापला जातो. २०२० च्या यूरोपीय चाचणीत तसे आढळले नाही. आहारापैकी मांस, मासळी, बिअर व फ्रुक्टोजयुक्त पेये यांनी प्रमाण वाढते. रक्ततपासणीचा अहवाल हाती येताच घरोघरी डाळी व पालक बंद होतात, पण वनस्पतिज प्यूरिनांमुळे गाऊटचा धोका वाढल्याचे मोठ्या पाहणीत दिसलेले नाही.