अपस्ट्रीम

अपस्ट्रीम : नदीच्या उगमाकडील बाजू, किंवा त्या बाजूने. विरुद्धार्थी शब्द डाउनस्ट्रीम. मराठीत ‘वरच्या अंगाला’, ‘उगमाकडे’. पाटबंधारे खात्याच्या परिभाषेत ‘ऊर्ध्व’ व ‘निम्न’ (ऊर्ध्व वर्धा, निम्न दुधना). मुंबईला पाणी पुरवणाऱ्या वैतरणेवर मात्र इंग्रजी-मराठीची सरमिसळ आहे : उगमाकडून येताना अप्पर वैतरणा, मग मध्य वैतरणा, मग मोडकसागर, म्हणजे लोअर वैतरणा. मधले धरण एकाच्या खाली, दुसऱ्याच्या वर.

व्युत्पत्ती : जोडशब्द म्हणून इंग्रजीत तो साधारणतः १७व्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुळला असावा, घटक शब्द अर्थातच फार जुने. ‘स्ट्रीम’चे नाते संस्कृत ‘स्रु’ (वाहणे) धातूशी आहे. ‘स’ आणि ‘र’ यांच्यामध्ये शिरलेला ‘ट’ जर्मानिक भाषांत आढळतो. त्याच धातूपासून आपल्याकडे ‘स्रोत’ व ‘स्राव’ आले. ‘अप’ हा संस्कृत ‘उप’चा सगोत्र मानतात. अपयश, अपकार यांतील ‘अप’शी त्याचा संबंध नाही, त्याचा इंग्रजी भाऊबंद ‘ऑफ’ होय.

अर्थाचा वाद : या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात, स्थानाचा आणि गतीचा. धरणाच्या अपस्ट्रीमला असलेले गाव जागचे हलत नाही. अपस्ट्रीम पोहणारा मासा प्रवाहाला तोंड देतो. मराठी हे दोन वेगळे ठेवते : गाव ‘वरच्या अंगाला’, मासा ‘प्रवाहाविरुद्ध’. संस्कृत ‘प्रतिस्रोतस्’ आणि पाली ‘पटिसोत’ यांत दुसराच अर्थ प्रधान आहे. त्यामुळे कोशांत ‘प्रवाहाविरुद्ध’ हा एकच प्रतिशब्द दिला की घोटाळा होतो.

घोटाळा सर्वांत ठळक दिसतो तो भरतीच्या टापूत. मिठी नदी विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असे वळत माहीमच्या खाडीला मिळते. ओहोटीला समुद्राकडे गेलेला थर्माकोलचा तुकडा भरतीला त्याच पुलाखालून उलटा येतो. अपस्ट्रीम म्हणजे ‘पाणी जिकडून येते तिकडे’ अशी व्याख्या केली, तर दिवसातून दोनदा माहीम कुर्ल्याच्या अपस्ट्रीमला जाईल. म्हणून उगम व निव्वळ प्रवाह धरून दिशा कायम ठेवणे अधिक सयुक्तिक. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा वरून पुराचे पाणी आणि खालून भरती एकमेकांना भिडली. तिथे पाण्याच्या ओढीवरून दिशा ठरवणे निरर्थकच होते. ठाण्याच्या खाडीला तर सरळ उगम सांगता येत नाही. तिथे ‘खाडीच्या तोंडाकडे’ आणि ‘आत’ हेच शब्द चालतात.

तीर ठरवताना तोंड नेहमी डाउनस्ट्रीमला करतात. त्यानुसार धारावी मिठीच्या डाव्या तीरावर, वांद्रे-कुर्ला संकुल उजव्या. धरणाचे डावा कालवा व उजवा कालवा ही नावेही याच संकेताने पडतात.

रेल्वेचे अप-डाउन याहून निराळे. मुंबईत अप म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेटकडे. त्यामुळे कसाऱ्याची लोकल सह्याद्रीकडे चढत असूनही डाउन, आणि भातसा नदीचे अपस्ट्रीम मात्र त्याच दिशेला.

लाक्षणिक वापर : तेल उद्योगात शोध व उत्पादन हे अपस्ट्रीम, शुद्धीकरण व विक्री हे डाउनस्ट्रीम. १९७४ मध्ये सापडलेले बॉम्बे हाय हे क्षेत्र त्या हिशेबाने अपस्ट्रीम आणि ट्रॉम्बे-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने डाउनस्ट्रीम. म्हणजे इथे वरची बाजू भर समुद्रात आहे.