पार्श्वभूमी : बाओबाबचे फळ, हकिमाच्या पुडीपासून तेलाच्या बाटलीपर्यंत

चेहऱ्याच्या तेलांवर आणि 'सुपरफूड'च्या पाकिटांवर हल्ली बाओबाब हे नाव दिसते. आपल्याकडे हे झाड गोरखचिंच म्हणून ओळखीचे आहे. वसईच्या किल्ल्यात ते उभे आहे आणि मांडूत त्याची फळे 'मांडूची इमली' म्हणून विकली जातात. भारतातली ही झाडे आफ्रिकेतूनच आली, तीही एकाच वेळी नव्हे. व्यापार आणि स्थलांतराच्या अनेक लाटांबरोबर ती आली असावीत, असे त्यांच्या जनुकीय अभ्यासातून दिसते.

कठीण, मखमली कवचाच्या आत या फळाचा गर झाडावरच वाळतो. तो पांढरा, पिठूळ आणि आंबट असतो. त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते. सुकवण्याची खटपट नाही, लवकर नासण्याची भीती नाही, त्यामुळे हा गर औषध म्हणून सहज लांबवर गेला. सुदानातल्या 'तबल्दी'ची, म्हणजे बाओबाबचीच, फळे कैरोच्या बाजारात पोचत. व्हेनिसच्या प्रजासत्ताकातला वैद्य प्रॉस्पेरो आल्पिनी याने ती तिथे पाहिली आणि १५९२ साली इजिप्तच्या वनस्पतींवरील ग्रंथात त्यांची नोंद केली. ताप आणि आव यांवर या गराची पूड दिली जाई. पूर्व भूमध्य प्रदेशात लेम्नोस बेटाची औषधी माती म्हणून जी पूड खपत होती, तिच्यातही हा गर असे. आफ्रिकी फळ ग्रीक बेटाच्या नावाने विकले जात होते, हे मला या सगळ्या इतिहासात फार बोलके वाटते.

फ्रेंच निसर्गअभ्यासक मिशेल आदांसाँ १७४९ ते १७५४ या काळात सेनेगलमध्ये होता. स्थानिकांकडून तो बरेच शिकला. तापाच्या हंगामात तो स्वतः या झाडाच्या पानांचा काढा घेई. साबणाची कृतीही त्याने टिपून ठेवली : कवचे आणि खराब फळे जाळायची, राखेचे खारे पाणी काढायचे आणि खवट होऊ लागलेल्या पामतेलात ते उकळायचे. पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने आदांसाँच्या नावावरून झाडाला 'अ‍ॅडान्सोनिया' हे शास्त्रीय नाव दिले. ज्यांनी हे ज्ञान सांगितले, त्या माणसांना मात्र झाडाच्या नावात जागा मिळाली नाही.

सेनेगलमध्ये गर पाण्यात कालवून केलेले 'बुई' हे सरबत आजही घरोघरी होते, आणि पोट बिघडले की तेच दिले जाते. मुलांच्या जुलाबातील पाणी भरून काढायला या गराचे द्रावण किती चालते, हे तिथल्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात तपासूनही पाहिले. अर्थात, जुलाब झालेल्या बाळाला आधी ओआरएसच द्यावे.

बियांच्या तेलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. आफ्रिकेच्या अनेक भागांत ते कोरड्या त्वचेला आणि केसांना लावतात. त्यात ओलेइक, लिनोलेइक आणि पामिटिक ही मेदाम्ले असतात. शिवाय खाण्याच्या दृष्टीने नको असलेली काही वेगळी मेदाम्लेही असतात. ती उष्णतेने कमी होतात, म्हणून न तापवलेले तेल लावण्यापुरतेच बरे. सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगाने उचलले ते हेच, थंड दाबाने काढलेले तेल.

गराचा मार्ग कायद्याने अडवला होता. १५ मे १९९७ पूर्वी युरोपीय संघात जो पदार्थ फारसा खाल्ला जात नव्हता, त्याला तिथे 'नवीन खाद्य' म्हणून परवानगी लागते. शतकानुशतके खाल्ल्या गेलेल्या या फळाला ती २००८ मध्ये मिळाली. अमेरिकेतली वाट २००९ मध्ये खुली झाली. त्यानंतर मागणी वाढली. दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात पडलेली फळे गावातल्या स्त्रिया वेचतात आणि घरखर्चाला त्या पैशांचा आधार होतो. पण रोपे गुरे खाऊन टाकतात आणि झाडाला फळ धरायला अनेक वर्षे लागतात. म्हणून तिथल्या काही स्त्रियांनी घराजवळ कुंपण घालून रोपे वाढवायला घेतली आहेत.